पेपरवेटची तिसरी नोंद

सकाळी साडेदहाला नाना ‘प’च्या चिठ्ठ्या शेवटच्या एकदा चाळत होते आणि एका चिठ्ठीवर त्यांचं बोट थांबलं. नानांचं बोट थांबलं की कोश-कार्यालयात सगळ्यांचेच हात थांबत.

“बाई, पेपरवेटला एकच नोंद?”

धाकट्या बाई उठून जवळ आल्या. आजच्या दिवशी नानांना काहीही सापडू नये म्हणून त्या सकाळपासून देवाचं नाव घेत होत्या.

आपल्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करायचं काम नानांनी बावीस वर्षांपूर्वी हाती घेतलं. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी. वर शब्द, खाली अर्थ आणि त्याखाली किमान तीन नोंदी. नोंद म्हणजे तो शब्द ज्या वस्तूचा, ती वस्तू वरच्या अर्थाप्रमाणे कोणी, कुठे, किती वाजता, कशासाठी वापरली ते, आणि शेजारी प्रत्यक्ष पाहणाऱ्याची सही. नानांच्या खुर्चीमागे पाटी होती : ‘पाहिलं नाही ते लिहिलं नाही.’

नियमाला एक पोटनियमही होता, आणि तो जास्त जाचक होता. मुद्दाम घडवून आणलेला वापर बाद. ‘पिकनिक’ या शब्दासाठी एकदा सगळं कार्यालय डबे घेऊन तळ्याकाठी गेलं होतं. सतरंजी अंथरून झाल्यावर नानांना शंका आली की ही पिकनिक आपण कोशासाठी काढली आहे, म्हणजे ही खरी नव्हे. त्यांनी सतरंजी गुंडाळायला लावली आणि सगळ्यांना एका झाडामागे उभं करून पलीकडच्या अनोळखी कुटुंबाची पिकनिक दोन तास पाहायला लावली. ते कुटुंब घाबरून लवकर घरी गेलं, पण तोवर नोंद झाली होती. पॅराशूट मात्र कोणालाच दिसलं नाही. तेव्हा कोश-मंडळाची खास परवानगी काढून त्या चिठ्ठीवर ‘अद्याप पाहिलेले नाही’ असा शेरा मारण्यात आला.

“नाना, राहून गेलं असेल,” धाकट्या बाई म्हणाल्या. “इतका साधा शब्द आहे. पाहिलेलं नाही असा शेरा मारू या का?”

“आपल्या कार्यालयात सात पेपरवेट आहेत, बाई. सात! आणि पाहिलेलं नाही असं छापू? लोक हसतील.” नानांनी गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला. “एक नोंद माझी, कार्यालय उघडलं त्या दिवशीची. अजून दोन हव्यात. चार वाजता छापखान्याचे गृहस्थ येतील.”

“दहा मिनिटांत करते.”

“करा. आणि ते लक्षात आहे ना?”

लक्षात नसायला काय झालं? धाकट्या बाई इथे नऊ वर्षं हंगामी होत्या. दर वर्षी मुदतवाढीचं एक पत्र मिळे आणि दर वर्षी नवरा ते वाचून म्हणे, “हंगामी तर सर्दी असते. ती सुद्धा नऊ वर्षं टिकत नाही.” या वर्षी मात्र मंडळाने ठराव केला होता की ‘प’ अक्षर संपूर्ण होऊन छापखान्यात गेलं की बाईंना कायम करावं. पत्र टाइप होऊन नानांच्या टेबलावर पडलं होतं. फक्त सही राहिली होती. सासूबाईंनी तर सहीचीही वाट पाहिली नव्हती. त्या कालच शेजारीपाजारी सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

धाकट्या बाईंनी पेपरवेटची चिठ्ठी आणि पेन घेतलं आणि त्या पहिल्या टेबलाकडे निघाल्या.

पहिलं टेबल थोरल्या बाईंचं. कार्यालयाचा सगळा पत्रव्यवहार त्या टाइप करत. त्या साठीच्या घरात होत्या, म्हणून त्यांच्यापुढे बेचाळीस वर्षांच्या बाई धाकट्या. थोरल्या बाईंच्या टेबलावर निळ्या काचेचा पेपरवेट होता आणि त्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. मोबाइलवर एक सून रडत होती.

“अहो, कागदांवर नाही ठेवत तुम्ही हा?”

“कागदांवर कशाला? मग मोबाइल कशाला टेकवू?” थोरल्या बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “सरका जरा, उजेड अडतोय. ती आता सासूला सगळं सांगणार आहे.”

दुसरं टेबल मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांचं. त्यांना सगळे अनुस्वार म्हणत, कारण ते दिसायला एवढेसे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बसत. अनुस्वारांनी रक्तदाबाची गोळी कागदाच्या घडीत ठेवली, पेपरवेट उचलला आणि गोळीवर आपटला. गोळीचे दोन तुकडे झाले.

“अर्धीच घ्यायची सांगितलीय,” ते म्हणाले. “सुरीने नीट होत नाही. याने बरोब्बर मधोमध होते. हे छापा हवं तर.”

तिसरा पेपरवेट पितळी आणि चांगला जड होता. तो मामांनी दाराला लावला होता. मामा म्हणजे शिपाई. दाराला स्प्रिंग होती आणि कुलूप बाहेरून उघडत नव्हतं, त्यामुळे दार लागलं की मामांना चहा घेऊन बाहेर ताटकळत उभं राहावं लागे. चौथा खिडकीच्या झडपेत अडकवला होता, झडप आपटू नये म्हणून. पाचवा न्हाणीघरात पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर होता. सहावा कुठे दिसेना, तेव्हा बाई नानांच्या टेबलापाशी आल्या आणि वाकल्या. नानांनी उजवा बूट काढला होता आणि टाचेखाली गोल पेपरवेट हळूहळू फिरवत होते.

“डॉक्टरांनी सांगितलंय,” नाना ओशाळून म्हणाले. मग सावरून म्हणाले, “पाहिलंत ना? मग लिहा.”

बाईंनी मुकाट्याने लिहिलं. चिठ्ठीवर आता सहा उपयोग झाले होते, आणि कागदाचा त्यात कुठेच संबंध नव्हता. अनुस्वारांच्या गोळीखाली होता तेवढाच. म्हणजे अर्थाला धरून नोंद एकही झाली नव्हती.

“नाना, तुम्हीच एकदा कागदावर ठेवा ना. मी बघते.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून ठेवला तर तो प्रयोग झाला, बाई. उपयोग नाही झाला.”

“मी ठेवते, तुम्ही बघा.”

“तेही तेच. माणसाला गरज वाटली पाहिजे. हात आपणहून गेला पाहिजे.”

धाकट्या बाई आपल्या जागेवर येऊन बसल्या. डोकं ठणकायला लागलं होतं. त्यांनी खणातून रुमालात गुंडाळलेला आपला पेपरवेट काढला आणि त्याची गार काच कपाळावर धरली. हा त्यांचा नऊ वर्षांचा उपाय होता.

“सातवा उपयोग,” नाना लांबूनच म्हणाले. “डोकेदुखीवर. साक्षीदार मी. लिहून घ्या.”

बाईंनी तेही लिहिलं आणि घरी फोन लावला. नवऱ्याला आज सुट्टी होती.

“झालीस का कायम?”

“नाही अजून. ऐका ना, आपल्या घरी तो काचेचा पेपरवेट आहे ना, तो कशावर आहे?”

“आपल्याकडे पेपरवेट आहे?”

मागून सासूबाईंचा आवाज आला, “कोण आहे? सूनबाई का? विचार तिला, वरच्या मजल्यावरच्या बाई विचारतायत, पगार किती वाढला म्हणून.”

“आई, आपला पेपरवेट कुठाय?” नवऱ्याने तिकडे विचारलं.

“दुधाच्या झाकणावर. आणि तो तिथनं हलवायचा नाही हं. मांजर टपून बसलंय.”

धाकट्या बाईंनी फोन ठेवला. तशीही ती ऐकीव माहिती होती, बाद झाली असती. सव्वाबारा वाजले होते. मग त्यांची नजर वर गेली.

छताला पंखा होता. त्याचा रेग्युलेटर बिघडल्यापासून तो एक तर बंद राही, नाही तर पूर्ण वेगाने सुटे, म्हणून वर्षानुवर्षं कोणी त्याला हात लावला नव्हता. आणि पंखा नाही म्हणून कागद उडत नव्हते, कागद उडत नव्हते म्हणून पेपरवेट दुसऱ्या धंद्याला लागले होते. बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेपरवेट ठेवा असं कोणाला सांगायचंच नाही. वारा आपलं काम करेल, आणि माणसांचे हात आपणहून जातील.

त्या उठल्या आणि बटणापाशी गेल्या.

“अहो, थंडीत पंखा?” थोरल्या बाई म्हणाल्या. त्यांनी स्वेटरवर शाल घेतली होती.

“मला उकडतंय.”

“हं,” थोरल्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “या वयात उकडतंच. माझं सहा वर्षं चाललं होतं.”

बाईंनी बटण दाबलं. पंखा आधी कुरकुरला, मग त्याने अंगावरची सगळी धूळ एकदम झटकली आणि सुसाट सुटला. टेबलांवरचे कागद फडफडले. धाकट्या बाई पेन सरसावून उभ्या राहिल्या.

थोरल्या बाईंनी पत्रांवर आपला जेवणाचा डबा ठेवला. पेपरवेटला टेकवलेली सून अजून रडतच होती, तिला हलवणं शक्य नव्हतं. अनुस्वारांनी आपल्या कागदांवर आधी कोपर टेकलं, मग एक चप्पल काढून ठेवली. मामांनी हजेरीपटावर छत्री आडवी टाकली. नानांनी दोन्ही हातांनी मफलर धरला. सातांपैकी एकाही पेपरवेटकडे कोणाचा हात गेला नाही, कारण सातही पेपरवेट आपापल्या कामात होते.

मधल्या लांब टेबलावर मात्र ‘प’च्या चिठ्ठ्या होत्या. तीनशे अठरा. शेवटच्या चाळणीसाठी नानांनी त्यांचा दोरा सोडला होता.

दार पितळी पेपरवेटने उघडं धरलं होतं. खिडकी काचेच्या पेपरवेटने उघडी धरली होती. त्यामुळे जिन्याकडून आलेल्या वाऱ्याला पंख्याने वर उचललं आणि त्याला खिडकीची वाट मोकळी मिळाली. पाइप, पार्सल, पासपोर्ट, पिझ्झा, पिन अशा क्रमाने चिठ्ठ्या उठल्या, पंख्याखाली एक फेरी मारून त्यांनी तो क्रम मोडला आणि तिसऱ्या मजल्यावरून त्या रस्त्यावर निघाल्या. पेपरवेटमुळे कागद उडाल्याची ही बहुधा पहिलीच वेळ असावी.

“बंद करा! पंखा बंद करा!” अनुस्वार ओरडले. चप्पल सोडून उठल्यामुळे ते एका पायाने लंगडत होते.

नाना फक्त खिडकीकडे पाहत राहिले. बावीस वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढं काही पाहिल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

धाकट्या बाई जिना उतरत नव्हत्या, त्या जिन्यावरून घरंगळत होत्या. मागून मामा छत्री घेऊन. खाली रस्त्यावर चिठ्ठ्यांचा सडा पडला होता. फळवाल्याच्या गाडीवर, सायकलींच्या कॅरियरवर, बसथांब्याच्या छपरावर. वर पाहिलं तर सगळ्यात शेवटी एक चिठ्ठी घाई न करता, गिरक्या घेत खाली येत होती. मामांनी छत्री उलटी धरून ती झेलली.

“कोणती?” बाईंनी विचारलं.

“पॅराशूट.”

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने अकरा चिठ्ठ्या गोळा केल्या होत्या. “उडत होत्या बाई, म्हणून वर इस्त्री ठेवली,” तो अभिमानाने म्हणाला. त्याने इस्त्री उचलली. ‘पँट’ वगळता बाकीच्या दहांवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. पँटला मात्र नुसती कडक घडी पडली होती. फळवाल्याने तागडीतल्या अर्ध्या किलोच्या वजनाखाली वीस-पंचवीस चिठ्ठ्या दाबल्या होत्या. बाईंनी पेन काढलं. वजन होतं, कागद होते, हात आपणहून गेला होता. पण नाना काय म्हणतील तेही त्यांना ऐकू आलं : ‘ते माप झालं, बाई. पेपरवेट नव्हे.’ त्यांनी पेन मिटून चिठ्ठ्या घेतल्या.

बसथांब्यावर एक निवृत्त गृहस्थ एक चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचत होते. बाईंनी हात पुढे केला, पण ते देईनात.

“हे कोणी लिहिलंय?”

“आम्ही. कोशात घ्यायचंय. द्या ना काका, घाई आहे.”

“पेन्शन. निवृत्तीनंतर नियमितपणे मिळणारी रक्कम.” गृहस्थांनी मान हलवली. “नियमितपणे काढा.”

“अहो काका…”

“तुम्ही घेता का पेन्शन? मी घेतो. आता तिथंच निघालोय, चौथ्यांदा. नियमितपणे काढा, मगच देतो.”

बाईंनी गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून ‘नियमितपणे’वर काट मारली. गृहस्थांनी खात्री करून घेतली, शेजारी वळणदार सही ठोकली आणि मगच चिठ्ठी सोडली.

अडीच वाजेपर्यंत दोनशे नव्वद चिठ्ठ्या जमल्या. उरलेल्या शिंप्याकडे असतील, असं फळवाला म्हणाला. वारा त्या दिशेला होता.

शिंप्याचं दुकान कार्यालयाच्या बरोबर खाली होतं. बाई आत शिरल्या तेव्हा शिंपी कापडावर कागदी माप अंथरून खडूने रेघ मारायच्या बेतात होता. एका हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि टेबलावर त्याच्या कोपरापाशी एक हिरव्या काचेचा, आत बुडबुडा असलेला, अस्सल पेपरवेट होता.

धाकट्या बाई उंबऱ्यावरच खिळल्या.

“या बाई, तुमच्याच वाटतं ह्या,” शिंपी म्हणाला. “अठ्ठावीस आहेत. मोजल्यात. हे एवढं माप आखून होऊ दे, मग देतो. बसा.”

त्याच्या डोक्यावरच्या फळीवर टेबलपंखा इकडून तिकडे मान फिरवत होता. थंडीतही त्याला तो लागे, इस्त्रीची धग फार म्हणून. चिठ्ठ्या हातात धरून रेघ मारता येईना. शिंप्याने आजूबाजूला पाहिलं.

“कुठे ठेवू हो ह्या?”

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. सांगितलं की प्रयोग झाला.

“तुम्हाला… वाटेल तिथे.”

“इथं ठेवल्या तर उडतील की.”

“उडतील,” बाई म्हणाल्या.

शिंप्याने त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. “मग धरता का जरा?”

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. “नको.”

“तुमच्याच आहेत ना ह्या?”

“माझ्याच आहेत.”

“मग?”

“माझे हात… घामेजलेत.”

शिंप्याने मनाशी काहीतरी ठरवलं, बहुधा वरच्या मजल्यावरच्या माणसांविषयी. त्याने चिठ्ठ्या कापडाच्या कडेला ठेवल्या. पंख्याने मान वळवली, वरची चिठ्ठी उचलली गेली. बाईंच्या पायांची बोटं चपलेत आखडली, पण त्या हलल्या नाहीत. दुसरी चिठ्ठी उचलली गेली. शिंप्याचा हात पुढे आला, खडूकडे गेला, कात्रीकडे गेला, कात्रीवर थांबला, आणि मग काही विचार न करता त्याने हिरवा पेपरवेट उचलून गठ्ठ्यावर ठेवला.

“दोन चोपन्न!” बाई ओरडल्या.

शिंप्याच्या हातातला खडू मोडला. “काय झालं?”

“काही नाही. फार छान ठेवलात. कशाला वापरता हो हा? म्हणजे एरवी?”

“कागदी माप सरकू नये म्हणून. कागदावर ठेवायलाच असतो ना हा?”

बाईंना त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. कोणी : शिंपी. कुठे : दुकानात. कशासाठी : कागद उडू नयेत म्हणून. सही ठोकून त्या निघाल्या आणि जाता जाता सहज विचारलं, “कुठून आणलात?”

“आणलाय कशाला? सहा वर्षांपूर्वी तुमच्याच खिडकीतून पडला. चार बोटं इकडे पडला असता, तर तुमच्या कोशात माझी वेगळी नोंद झाली असती.”

साडेतीनला तीनशे अठराच्या तीनशे अठरा चिठ्ठ्या वर आल्या. अनुस्वारांनी एका पायावर उभं राहून त्या पुन्हा क्रमाने लावल्या. दुसरी चप्पल कुठे गेली ते त्यांना कळत नव्हतं. नानांनी पेन्शनच्या चिठ्ठीवरची काट वाचली, शेजारची सही वाचली आणि म्हणाले, “प्रत्यक्ष अनुभव आहे. राहू द्या.” मग शिंप्याची नोंद वाचली आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैलावला.

“उत्तम नोंद आहे. आता एकच राहिली.”

चारला छापखान्याचे गृहस्थ आले. ते कोणासाठी थांबत नसत. मागे ‘न’ एक दिवस उशिरा झाला, तर त्यांनी त्या यंत्रावर कॅलेंडरं चढवली आणि ‘न’ला दोन महिने बसवून ठेवलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि मनगट वर करून घड्याळाकडे पाहत राहिले.

चार वाजून पाच मिनिटांनी नानांनी चष्मा काढला.

“बाई, दोनच नोंदी आहेत.”

“नाना, एकासाठी…”

“ठराव तुम्हीही वाचलाय. ‘प’ संपूर्ण झाल्यावर. हे संपूर्ण नाही.” नानांनी टेबलावरचं पत्र उचललं, क्षणभर पाहिलं आणि बाजूला ठेवलं. त्यांचा आवाज खाली आला. “मला आनंद होतोय असं समजू नका. पण आज मी एका चिठ्ठीवर डोळेझाक केली, तर उद्या बाकीच्यांवर विश्वास कोण ठेवणार? मुदतवाढीचं पत्र थोरल्या बाई उद्या टाइप करतील.”

थोरल्या बाईंनी मोबाइल पालथा ठेवला. सून रडायची थांबली.

धाकट्या बाई आपल्या टेबलापर्यंत चालत गेल्या. कपाळाची शीर तटतट उडत होती. घरी काय सांगायचं? नवरा हसेल, ते सोसता येईल. पण सासूबाईंना आता सगळ्या शेजाऱ्यांना एकेक करून परत सांगत फिरावं लागेल, आणि त्या वाटेल ते करतील पण हे करणार नाहीत. त्यांनी खणातून पेपरवेट काढून कपाळावर धरला आणि डोळे मिटले.

मामांना ते बघवेना. बाईंनी दुपारी पाच वेळा जिना चढ-उतार केला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. छापखान्यासाठी ‘प’चा गठ्ठा दोऱ्याने पक्का बांधला होता. मामांनी तो हाताने दाबून पाहिला, आणि मग जाऊन बटण दाबलं.

“मामा, नको!” अनुस्वार किंचाळले.

पंखा सुटला. गठ्ठा जागचा हलला नाही. नानांच्या टेबलावरचं एकटं पत्र मात्र उठलं. ते आधी सरळ वर गेलं, पंख्याखाली क्षणभर थांबलं आणि मग खिडकीकडे वळलं.

धाकट्या बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांची नऊ वर्षं हवेत होती. पुढचं त्यांना नीटसं आठवत नाही. दोन खुर्च्या पडल्या, छापखान्याचे गृहस्थ मागे कलंडले, आणि खिडकीच्या कट्ट्यावर धप्प असा आवाज झाला. पत्राचं अर्धं अंग बाहेर लोंबत होतं. उरलेल्या अर्ध्यावर पेपरवेट होता आणि पेपरवेटवर बाईंचे दोन्ही हात.

“गेलं असतं!” त्या धापा टाकत म्हणाल्या. “आत्ता गेलं असतं हो!”

नाना घड्याळाकडे पाहत होते.

“चार वाजून अकरा,” ते म्हणाले. “कोणी पाहिलं?”

“मी,” थोरल्या बाई म्हणाल्या.

“मी,” मामा म्हणाले.

“मी तर अंगावर घेतलं,” छापखान्याचे गृहस्थ जमिनीवरून म्हणाले.

“पण मुद्दाम नसेल कशावरून?” अनुस्वारांनी बोट वर केलं. सवय जात नाही.

“मुद्दाम कोणी एवढी उडी मारतं का?” थोरल्या बाई कडाडल्या. “गुडघे बघा त्यांचे!”

नानांनी चिठ्ठी पुढे ओढली. “नोंद तिसरी. कागद उडू नये म्हणून.” मग त्यांनी मान वर केली. “वापरणाऱ्याचा हुद्दा?”

“हंगामी सहायक सं…”

“थांबा. नोंद अचूक हवी. ते पत्र आणा इकडे.”

धाकट्या बाई हलल्या नाहीत. “आधी पंखा बंद करा.”

मामांनी पंखा बंद केला. नानांनी पत्रावर सही केली, तारीख घातली आणि मगच चिठ्ठीवर हुद्दा लिहिला. त्यात हंगामी हा शब्द नव्हता. छापखान्याचे गृहस्थ कपडे झटकत उठले, ती चिठ्ठी गठ्ठ्यात खोचली आणि गठ्ठा काखेत मारून गेले.

बाईंनी घरी फोन केला. सासूबाईंनी उचलला. “त्यात काय नवीन?” त्या म्हणाल्या. “ते कालच झालंय.”

पाच वाजता सगळे निघायच्या तयारीत असताना नानांनी हाक मारली. त्यांच्या पुढ्यात एक कोरी चिठ्ठी होती.

“बाई, उद्यापासून ‘फ’. फॅनला एकही नोंद नाही. आज तीन करता येतील. एक शिंप्याकडची, एक मामांची. आणि पहिली तुमची, दुपारची.” त्यांनी पेन उचललं. “कशासाठी लावला होतात?”

धाकट्या बाईंनी हातातल्या पत्राकडे पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं.

“उकडत होतं, नाना.”

खिडकीतून गार झुळूक आली. नानांनी मफलर कानांवरून ओढून घेतला, हात चोळून गरम केले आणि ‘पाहिलं नाही ते लिहिलं नाही’ या पाटीखाली बसून स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘असह्य उकाड्यामुळे.’